सिस्टरांच्या घराचा नकाशा

३ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

शनिवार आठवतो का? शाळा सुटायला तास असायचा आणि वर्गातल्या सगळ्या दौती मागच्या नळावर धुवायचं काम आपल्या दोघींकडे असायचं. तू दौती विसळून पायरीवर पालथ्या घालायचीस, एका रेघेत. एखादी बोटभर पुढे आली की सगळी रांग पुन्हा मांडायचीस. मी कोपरापर्यंत निळी. म्हणून तर मी शाई झाले आणि तू टाचणी. तू बारीक होतीस म्हणून टाचणी, असं तुला वाटायचं. आज सांगते, ते तुझ्या बोलण्यावरून पडलं होतं.

नळाच्या पलीकडे कॉन्व्हेंटची बाग सांभाळणाऱ्या, आपल्या बागेच्या सिस्टरांचं कासव होतं. दिवसभर तारेच्या जाळीला लागून चालायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नाकाची साल निघाली होती त्याच्या. एका शनिवारी सिस्टरांनी जुनी पोती आणली आणि जाळीच्या खालच्या अंगाला दाभणाने शिवून टाकली. कासव थोडा वेळ पोत्याशी उभं राहिलं, मग वळलं आणि गवत खायला लागलं. तू विचारलंस, "सिस्टर, आता कसं काय थांबलं?" त्या म्हणाल्या, "पलीकडचं दिसायचं बंद झालं. दिसलं की जावंसं वाटतं, बाळ."

हे सगळं आज आठवायला कारण आहे. माझ्या स्वयंपाकघरात, कपाटाखाली, एक कासव बसलेलं आहे.

आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडून नोंदवह्या बांधून घेतात. लायब्ररीतून निवृत्त झाले तरी पुस्तकबांधणी काही सुटलेली नाही. वह्या द्यायला गेले तर टेबलावर हे. कुणीतरी घर बदलताना न्हाणीघरात सोडून गेलं होतं. जमिनीवरचं कासव, आणि वर्षानुवर्षं टबात, वीतभर पाण्यात ठेवलेलं. कवच मऊ पडलंय, एका बाजूला पन्हाळीसारखं दबलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याला औषध कमी आणि ऊन जास्त लागणार आहे. तुमच्याकडे मागे मोकळी जागा आहे ना?" कागदपत्रं त्यांनी केली. अट एकच घातली, बाहेर पक्कं आवार बांधायचं. तसं झालं तर कासव माझ्याकडे, नाहीतर दुसरीकडे बघावं लागेल.

मानेच्या सुरकुत्या अगदी बागेच्या सिस्टरांसारख्या आहेत. तोंडून आपोआप 'सिस्टर' निघालं, आणि आता अहोजाहो केल्याशिवाय बोलता येत नाही. सिस्टर आज जेवल्या नाहीत. सिस्टर रागावल्यात.

टाचणी, तू चाळीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढलेस. या एका घराचा काढून देशील?

जागा सांगते. स्वयंपाकघराचं दार उघडून बाहेर उभं राहिलं की डाव्या हाताला पाण्याची टाकी, उजव्या हाताला गल्लीची भिंत. सकाळचं ऊन टाकीच्या बाजूने येतं, दुपारनंतरचं गल्लीच्या भिंतीवरून. ते फार कडक असतं, चार वाजता तिथे पाय ठेववत नाही.

दादाला जाऊन या महिन्यात दोन वर्षं होतील. मैत्रीण होतीस, वहिनी झालीस, आणि आता फोनवर तू नुसतं 'बरं' म्हणतेस, म्हणून पत्र लिहिलं.

तुझी,
शाई


१२ फेब्रुवारी

शाईबाई,

टाचणी बोलण्यावरून, हे मला तिसरीतच ठाऊक होतं. तुला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले.

पत्र वेळेवर आलं. आमच्या चिरंजीवांची खोलीवर नजर आहे. माझं नकाशाचं टेबल भिंतभर जागा अडवतं. परवा म्हणाला, "आई, तू आता कुठे काढतेस नकाशे? टेबल काढू, तुला आरामखुर्ची ठेवू." सून चहा ठेवायला आत गेली, ती शहाणी आहे. मी त्याला म्हटलं, टेबलावर काम असेपर्यंत टेबल राहील. आरामखुर्चीत बसवलेल्या बायका मी पाहिल्यात. त्या पुन्हा उठत नाहीत. तर काल त्याला तुझं पत्र दाखवलं आणि सांगितलं, काम आलंय. घराचं आहे, मालक परगावची आहे, घाई आहे.

तेव्हा हे काम मी करणार आणि नीट करणार. तू एवढं कळव: जागेची लांबीरुंदी, फूट आणि इंचात. 'साधारण' हा शब्द मला नको. जमीन कुठे उतरती आहे. आणि सिस्टरांची लांबी, रुंदी, उंची. पुठ्ठ्याचं कासव मापात कापून नकाशावर फिरवून बघितल्याशिवाय मी दार किती रुंद ठेवायचं ते ठरवत नसते. माणसांच्या घरांतही मी पुठ्ठ्याची माणसं फिरवायचे. तुझा दादा हसायचा. म्हणायचा, "पुठ्ठ्याची बायको काप, कुठे आपटते बघू."

ठळक लिही. अलीकडे तुझं अक्षर फार बारीक झालंय.

टाचणी


२१ फेब्रुवारी

प्रिय टाचणी,

माझं अक्षर बारीक झालं? चाळीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकलेल्या बाईला हे ऐकावं लागतंय. असो, ठळक लिहिते.

लांबी बारा फूट चार इंच, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत. रुंदी आठ फूट दोन इंच, टाकीपासून गल्लीच्या भिंतीपर्यंत. उतार मागच्या भिंतीकडे. सिस्टर: लांबी सात इंच, रुंदी पाच, उंची साडेतीन. मोजताना त्यांनी पट्टीवर आपलं मत व्यक्त केलं. पट्टी धुतली.

एक गंमत. डॉक्टरीणबाईंनी काल तपासून सांगितलं की सिस्टर नर आहेत. मी म्हटलं, "आता काय हाक मारू? फादर?" त्या म्हणाल्या, "त्यांना काही फरक पडत नाही." मग सिस्टरच ठेवलंय.

सध्या त्यांना दुपारी तासभर मागे सोडते आणि स्टूल घेऊन राखण करते. मागच्या फाटकाला गज आहेत. त्या थेट तिथे जातात आणि गजांशी नाक घासत येरझारा घालतात. टाचणी, हुबेहूब तेच. मी माझं जुनं एप्रन गजांना बांधलं, तर थांबल्या. पण फाटकाखालून चार बोटं उजेड येतो, तेवढ्यानेही अस्वस्थ होतात.

टेबलाचं वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. तू कर हे काम. घाई नाही.

शाई


१४ मार्च

शाईबाई,

सोबत नकाशा आहे. उशीर झाला. दोनदा काढून टाकून दिला. कारण विचारू नकोस, कागद खराब होता.

भिंत विटांची, दोन फूट, त्यातली एक फूट जमिनीच्या पोटात. सिस्टर खणतात, हे विसरू नकोस. जाळी कुठेही नको, फट कुठेही नको, उभं राहून दिसेल ते तुला, त्यांना फक्त भिंत. कोपरे चौकोनी करू नकोस. गोल कर. कोपऱ्यात कासव अडकतं आणि भिंत चढायला बघतं, उलटं पडलं तर संपलं. भिंतीच्या माथ्यावर आतल्या बाजूला चार बोटं पुढे येईल अशी फरशी बसव. पाण्याचं ताट जमिनीच्या पातळीत पुरायचं, खोली सिस्टरांच्या हनुवटीएवढी. बरेच दिवस पाण्यात काढलेत त्यांनी, तेव्हा पुरे.

लाकडी घर आवाराच्या मध्यावर. तीन बाजू आणि छप्पर बंद, एक बाजू उघडी. घराच्या तोंडाशी मातीचा उंचवटा, उन्हात बसायला. पाठीमागे जास्वंद लाव, सावली होईल आणि पानं खाता येतील.

जसं काढलंय तसंच बांध. आपली अक्कल लावू नकोस. चाळीस वर्षांत माझ्या नकाशात दुसऱ्याच्या हातची दुरुस्ती झालेली नाही. खाली दुरुस्तीचा रकाना असतो तो मी सवयीने आखते, रिकामा ठेवायला.

टाचणी


४ एप्रिल

प्रिय टाचणी,

आवार पूर्ण झालं. नकाशा हातात घेतल्यावर पहिल्यांदा वास घेतला. तोच पेन्सिलीचा आणि खोडरबराचा वास. शब्द मात्र तू किती मोठे लिहिलेस, मला आंधळी समजलीस की काय.

गवंडी मिळाला तो वयस्कर आहे. कमी बोलतो, विडी ओढत जागेकडे बघत बसतो आणि मग एकदम कामाला लागतो. त्याला पुठ्ठ्याचं कासव फार आवडलं. दाराच्या रुंदीत घालून बघितलं आणि म्हणाला, "ज्या बाईंनी हे काढलं, त्यांच्या हाताखाली काम करायला हवं होतं." हे तुला मुद्दाम कळवते.

गोल कोपऱ्यांना त्याला दोन दिवस लागले. फरशी बसवली. ताट पुरलं. जास्वंद नर्सरीतून आणली. लाकडी घर सुताराकडून करून घेतलं. ते ठेवायच्या वेळी गवंडी थांबला. म्हणाला, "बाई, तोंड उलटं वाटतंय. गल्लीकडे तोंड केलं तर दुपारचं ऊन सगळं आत." मी नकाशा पुढे धरला. म्हटलं, "कागदावर आहे तसं." तो म्हणाला, "कागद खरा, पण ऊन काय कागद वाचून येत नाही." मी म्हटलं, "तुम्ही ठेवा." त्याने ठेवलं.

आमच्या बांधणीत एक नियम असतो, तुला माहीत आहे. पानं जशी येतील तशी शिवायची. मजकूर आपला नव्हे. आणि हा मजकूर तर तुझा आहे.

सिस्टरांना काल सकाळी सोडलं. भिंतीला लागून एक फेरी मारली, फक्त एक. मग मधे आल्या आणि बसल्या. येरझारा संपल्या, टाचणी. संध्याकाळपर्यंत एकदाही नाही. मी दारात बसून होते. मला बागेच्या सिस्टरांचं दाभण दिसत होतं.

डॉक्टरीणबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, ठेवा.

शाई


१६ एप्रिल

शाईबाई,

पत्र मिळालं. गवंडी चांगला मिळाला हे बरं झालं. वासाचं वाचून बरं वाटलं.

सिस्टर येरझारा घालायच्या थांबल्या का? तू ते लिहिलंच नाहीस. मुख्य तेवढंच होतं.

चिरंजीव विचारत होता, काम संपलं का. मी म्हटलं, मालकाचा होकार यायचाय.

टाचणी


३ मे

टाचणी,

हे पत्र मी तीन दिवस लिहिते आहे.

येरझाऱ्यांबद्दल मी अर्धं पान लिहिलं होतं. तू विचारलंस, तू ते लिहिलंच नाहीस. तेव्हाच मनात काहीतरी लागलं, पण म्हटलं असेल घाई.

बुधवारी मी दुपारी लायब्ररीत गेले होते, जुनी सहकारी निवृत्त होत होती. साडेचारला परत आले. सिस्टर घराच्या आत होत्या. चारही पाय बाहेर, मान जमिनीवर, तोंडाला फेस. ऊन गल्लीच्या भिंतीवरून सरळ आत शिरत होतं आणि लाकडी खोकं भट्टीसारखं तापलं होतं. त्या सावली म्हणून आत गेल्या असणार. पाठीमागची जास्वंद टाकीच्या बाजूला, सकाळच्या उन्हाला आडवी. दुपारी तिचा काय उपयोग? मी त्यांना पदरात गुंडाळलं आणि पळाले. या वयात मी पळाले, रस्त्यातल्या लोकांनी वळून बघितलं. डॉक्टरीणबाईंनी साध्या पाण्यात ठेवलं, नळीने काहीतरी दिलं. म्हणाल्या, "दोन दिवस सांगता येणार नाही."

घरी येऊन नकाशा काढला. टाकी बरोबर ठिकाणी, गल्ली बरोबर ठिकाणी, तुझ्या मोठ्या अक्षरांत. आणि घर उलटं. मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, सकाळचं ऊन टाकीकडून, दुपारचं गल्लीकडून. गवंड्याला दिसलं. तुला मी त्याचं बोलणं कळवलं, तू उत्तरही दिलं नाहीस.

तुझ्या हातून अशी चूक होत नाही. जिने दौतींची रांग पुन्हा पुन्हा मांडली, तिच्या हातून नाही. म्हणजे तू मन लावून केलंच नाहीस. टेबल वाचवायला काम हवं होतं, ते झालं. मालकाचा होकार तेवढा हवा होता.

मला वाटतं हे दादाचं आहे. त्याच्या शेवटच्या महिन्यात मी आले नाही. तू कधी बोलली नाहीस, पण त्यानंतर फोनवर नुसतं 'बरं' राहिलं. बोलली असतीस तर बरं झालं असतं. त्या मुक्या जिवाने काय केलं होतं?

आणि माझंही सांगते. सिस्टरांना आवारात सोडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी चार वाजता मी दारात उभी होते आणि सावली चुकीच्या ठिकाणी पडलेली मला दिसली होती. दिसली आणि मी आत गेले. मजकूर आपला नव्हे, म्हणून. म्हणजे चूक माझीही आहे. पण तुझी आधी.

शाई


२५ मे

ती. आत्याबाईंना सा. नमस्कार.

मी तुमची सूनबाई. आईंना न सांगता लिहिते आहे, आधी क्षमा मागते.

तुमचं पत्र आलं तेव्हा आईंनी ते मला दिलं आणि म्हणाल्या, "वाच." यापूर्वी कधी दिलं नव्हतं. मी वाचलं. म्हणाल्या, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. मग त्या उठल्या, टेबलापाशी गेल्या, सगळ्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या आणि ह्यांना हाक मारून म्हणाल्या, "टेबल काढ." ह्यांना आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

आत्या, आईंना दिसत नाही. म्हणजे कडेचं दिसतं, मधलं नाही. समोर बघितलं की मधोमध करडा डाग, आणि त्याच्या भोवती खोली. गेल्या आठवड्यात आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं, की त्या वर्षभर एकट्याच जाऊन येत होत्या. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. तुमचा नकाशा त्यांनी मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेने काढला. दार लावून घ्यायच्या. मला वाटायचं एकाग्र व्हायला लावतात. तुमची पत्रं भिंगाने वाचायच्या, चार ओळी झाल्या की डोळ्यातून पाणी यायचं. बाकीचं त्या अंदाजाने भरून घ्यायच्या, असं आता सांगतात.

जेवण कमी झालंय. आरामखुर्ची आली आहे. त्या तीत बसत नाहीत, पलंगाच्या काठावर बसतात. काल मी समजूत घालायला म्हटलं, "आई, थोडं शांत वाटेल आता, डोळ्यांना ताण नाही." तर म्हणाल्या, "पलीकडचं दिसेनासं झालं की कासव शांत होतं. मी कासव नाही." मला अर्थ कळला नाही. तुम्हाला कळेल असं वाटलं.

टेबल अजून जिन्याखाली आहे. पुढच्या रविवारी एकजण घेऊन जाणार आहे. त्याआधी तुमचं काही आलं तर बरं होईल. तुमच्या कासवाचं काय झालं ते त्या रोज विचारतात. मला नाही, स्वतःलाच.

तुमची,
सूनबाई


२८ मे

सूनबाई, हे मोठ्याने वाच. दार लावून घे, चिरंजीवांना बाहेर बसव. ती "पुरे" म्हणाली तरी थांबू नकोस.

टाचणी,

सिस्टर जिवंत आहेत. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले, पाचव्या दिवशी जास्वंदीचं पान खाल्लं, सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या मदतनिसाला चावल्या. काल घरी आल्या.

घर मी फिरवलं. गवंडी आला, मी एक कड धरली, त्याने एक. अर्ध्या तासाचं काम होतं. अर्ध्या तासासाठी मी तुला ते पत्र लिहिलं. जास्वंद खणून गल्लीच्या बाजूला लावली, मातीचा उंचवटा टाकीकडे. काल चार वाजता मी सिस्टरांच्या घरात हात घालून बघितला. गार होतं. बाकी सगळं तुझंच आहे: भिंत, गोल कोपरे, फरशी, ताट. एक बाजू सोडली तर तुझ्या नकाशात एक इंचाचीही चूक नाही, असं गवंडी सांगतो, मी नाही.

मी तुला दुष्ट ठरवलं, पण तुला दिसत नसेल हे एकदाही सुचलं नाही. मोठी अक्षरं बघून मी विनोद केला. हे माझ्या जिवाला लागून राहील.

आता दादाचं. मी आले नाही, कारण मला त्याला तसं बघायचं नव्हतं. कामाचं सांगितलं होतं, ते खोटं होतं. त्या महिन्यात लायब्ररी रंगकामासाठी बंद होती. मी घरी बसून कोरी पुस्तकं शिवत होते. तू तिथे एकटीने सगळं बघितलंस आणि मी इथे एप्रन बांधून बसले, पलीकडचं दिसू नये म्हणून. हे तुला दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तू मला माफ कर असं म्हणत नाही. तुला माहीत असावं एवढंच.

एक मात्र ऐकून घे. आमच्याकडे पुस्तकाची पानं आठ-आठ, सोळा-सोळा घडी घालून येतात, त्या घडीला फर्मा म्हणतो. कधीतरी एखादा फर्मा उलटा शिवला जातो. माझ्या हातूनही झालाय, तिघांच्या नजरेतून सुटलाय. म्हणून आम्ही पुस्तक रद्दीत देत नाही. शिवण उसवतो, फर्मा फिरवतो, त्याच भोकांतून पुन्हा दोरा घालतो. तू टेबल रद्दीत देऊ नकोस.

इकडे ये. राहायला नाही तर बघायला. बघायला म्हणजे तुला येईल तसं. भिंत गुडघ्याएवढीही नाही, हात फिरवून सगळं आवार तपासता येईल. तुझ्या कामाची पाहणी तू केलेली नाहीस अजून, आणि पाहणी झाल्याशिवाय तू कधी काम संपलं म्हणत नसायचीस.

शाई


९ जून

शाईबाई,

मी सांगते आहे, सूनबाई लिहिते आहे. तिचं अक्षर सुबक आहे असं ती म्हणते, मला मानावं लागतं.

तुझं पत्र मी चारदा वाचून घेतलं. रविवारी टेबल न्यायला माणूस आला होता, त्याला परत पाठवलं. म्हणून लगेच टेबल वर आलेलं नाही. पुढे वाच.

चूक कशी झाली ते सांगते, म्हणजे तू अंदाज करत बसणार नाहीस. भिंती मी चांगल्या कागदावर काढल्या. घर, उंचवटा आणि झाड पातळ कागदावर वेगळं काढलं. त्याला कोपऱ्याकोपऱ्याला टाचणी टोचून घेतली, मग तो वरून ठेवून त्याच भोकांतून खालच्या कागदावर खुणा घेतल्या. ही आमची जुनी रीत. टोचलेल्या कागदाची एक बाजू गुळगुळीत लागते, एक खरबरीत, त्यावरून सुलट-उलट कळतं. डोळा गेल्यावर मी बोटाच्याच भरवशावर होते. त्या दिवशी कागद पालथा पडला आणि बोटाने सांगितलं नाही. नावं मी नंतर लिहिली, ती बरोबर जागी. एवढंच. कागद खराब होता असं मी तुला लिहिलं. कागद उत्तम होता.

गवंड्याचं बोलणं मी वाचलंच नव्हतं. तुझ्या पत्राच्या पहिल्या चार ओळी वाचल्या, गवंड्याने कौतुक केलं तिथपर्यंत. पुढचं मला वाचायला हवं होतं, पण कौतुकावर थांबणं बरं वाटलं.

दादाचं मला ठाऊक होतं. लायब्ररीला मी फोन केला होता, तो रंगाऱ्याने उचलला. म्हणून 'बरं' म्हणायचे. तुझ्यावर राग होता हे खरं, नकाशात तो नव्हता. त्याने शेवटी तुझी चौकशी केली होती. "शाई आली का?" असं विचारलं. मी सांगितलं, "वाटेत आहे." हे तुला कधी सांगणार नव्हते. तू सांगितलंस म्हणून मीही सांगितलं. आता फिटलं असं नाही, पण दोघींच्या पुढ्यात आलं.

मी येते. पंधरा दिवस. सून सोडायला येईल. ते पंधरा दिवस तू मला ताट वाढताना कुठे काय आहे ते सांगू नकोस, मी शोधीन. आरामखुर्ची दाखवलीस तर परत जाईन.

येण्याआधी सगळं मार्गी लावते. सूनबाई, हे एकेक नीट लिही.

कंपासपेटी सूनबाईला. तिने नको म्हटलं, तिला गोल काढायचे नाहीत म्हणे. तरी तिलाच. जिने वर्षभर दार लावलेलं उघडलं नाही आणि नंतर न विचारता पत्र लिहिलं, तिला दोन्ही गोष्टी मापात जमतात.

बुडबुड्यावरून पातळी बघायची पितळी नळी आणि फूटपट्टी, लाकडी, कडेला पितळ असलेली, गवंड्याला. माझ्या हाताखाली काम करायला हवं होतं म्हणाला ना? त्याला सांग, मलाच त्याच्या हाताखाली उभं राहायला हवं होतं.

पेन्सिली चिरंजीवाला. सगळ्या टोक केलेल्या आहेत. त्याने नुसत्या ठेवल्या तरी चालतील.

टाचण्यांची डबी तुला. ती दुसऱ्या कुणाला देता येणार नाही.

टेबलाचे पाय इथल्या सुताराला. वरची फळी मात्र तुझ्याकडे येतेय, सामानासोबत. सागवानी आहे, चाळीस वर्षांची मुरलेली, वाकणार नाही. ती मापात कापून सिस्टरांच्या घरावर छप्पर म्हणून घाल, गुळगुळीत बाजू आत. खालून बघणाऱ्याला माझ्या टाचण्यांची भोकं दिसायला नकोत. नको, असू दे. खरबरीत बाजू आत. सिस्टर काही बोलणार नाहीत.

सिस्टर आपल्या दोघींच्या मागे उरतील. त्या डॉक्टरीणबाईंच्या स्वाधीन, आवारासकट. तसं आत्ताच कागदावर लिहून दे, मग दोघींना विचार करायला नको.

नकाशा फाडू नकोस. खाली दुरुस्तीचा रकाना आहे, रिकामा. त्यात लाल पेन्सिलीने लिही: दुरुस्ती क्रमांक एक, घराचं तोंड टाकीकडे. तारीख घाल. सही गवंड्याची घे, आधी त्याला दिसलं म्हणून. त्याखाली तुझी. मी आले की माझी, कुठे करायची तिथे माझं बोट ठेव.

आणि टाकीच्या बाजूला, भिंतीबाहेर, एक साधी लाकडी खुर्ची ठेव. सकाळचं ऊन तिकडूनच येतं ना? ते निम्मं सिस्टरांना, निम्मं मला. चेहऱ्यावर पडलं की दिशा मला अजून बरोबर कळते.

टाचणी